कंपनीच्या इंट्रानेटवरील पानांचा धनी कोण? नियमावली लिहिण्यापूर्वी मार्गदर्शन हवे

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना नमस्कार. वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कंपनीत मी संगणक विभागाचे काम पाहतो. वाळूज, शेंद्रा आणि जालना अशा तीन ठिकाणी आमचे कारखाने आहेत आणि तिन्ही मिळून मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर एकच इंट्रानेट, म्हणजे कंपनीतल्या लोकांपुरते अंतर्गत संकेतस्थळ, आहे. ते सुरू झाले तेव्हा प्रत्येक विभागाला स्वतःची साइट देऊन हवे ते चढवण्याची मोकळीक दिली गेली. त्या वेळी मलाही ते योग्य वाटले होते, कारण लोकांनी इंट्रानेट उघडून पाहावे हीच मोठी चिंता होती. आज लोक ते उघडतात, परंतु एकाच विषयाचे चार कागद समोर आल्यावर त्यांतला खरा कोणता हे छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडत नाही.

मागच्या तिमाहीत याची किंमत मोजावी लागली. दुसऱ्या शिफ्टमध्ये एका असेंब्ली लाइनवर नवा ऑपरेटर होता. सुपरवायझरने इंट्रानेटवर शोधून वर्क इन्स्ट्रक्शन (काम कसे करायचे ते सांगणारा कागद) छापली आणि त्याच्या हाती दिली. तिच्यात बोल्ट आवळण्याचा टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचा आकडा, जुन्या रिव्हिजनमधला (आवृत्तीतला) होता. इंजिनिअरिंग विभागाने नवी रिव्हिजन आपल्या लायब्ररीत (शेअरपॉइंटवरील फाइलींच्या कप्प्यात) वेळेवर चढवली होती. वाळूजच्या कारखान्याने मात्र पूर्वी कधीतरी सोयीसाठी स्वतःच्या लायब्ररीत तिची प्रत करून ठेवली होती आणि शोधात नेमकी ती वर आली. ग्राहकाने माल परत पाठवला. चौकशीत असे दिसले की सुपरवायझर, ऑपरेटर आणि इंजिनिअरिंगचा माणूस या तिघांनीही आपापले काम नेमून दिल्याप्रमाणेच केले होते. तरीही पहिला लेखी खुलासा त्या ऑपरेटरकडेच मागितला गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

व्यवस्थापनाने आता मला इंट्रानेटची नियमावली लिहायला सांगितली आहे. तांत्रिक बाजू मी सांभाळू शकेन. पानाची मालकी कोणाकडे द्यावी, ती व्यक्तीच्या नावाने असावी की पदाच्या, जुने पान उतरवण्याचा अधिकार विभागाला असावा की आम्हाला, आणि मराठीतून वाचणाऱ्या कामगारांचा विचार नियमावलीत कुठे बसवावा, हे मला कळत नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

शेंद्रा_क्वालिटी

खामकाठ सर, आपण वर्णन केलेला प्रसंग वाचून मला आश्चर्य वाटले नाही, कारण ऑडिटच्या निमित्ताने मी अनेक कारखान्यांत थोड्याफार फरकाने हेच पाहिले आहे. माझी पहिली सूचना अशी की सगळ्या इंट्रानेटसाठी एकच नियम लिहू नका. वर्क इन्स्ट्रक्शन, कंट्रोल प्लॅन, ड्रॉइंग हे नियंत्रित दस्तऐवज, म्हणजे मंजुरीशिवाय बदलता न येणारे कागद, आहेत आणि त्यांचे नियम आपल्या गुणवत्ता पद्धतीत आधीच लिहिलेले असणार. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकातील कलम ७.५ याच विषयावर आहे : कागद तयार करताना आणि बदलताना त्याची ओळख, तपासणी व मंजुरी कशी असावी, आणि तो योग्य ठिकाणी, योग्य वेळी, वापरण्याजोग्या स्थितीत कसा मिळावा. कालबाह्य प्रत चुकून वापरली जाऊ नये ही अट तर २००८ च्या आवृत्तीत कलम ४.२.३ मध्ये स्पष्ट शब्दांत होती. इंट्रानेटच्या नियमावलीत हेच पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहिले, तर दोन नियमांत फरक पडेल आणि ऑडिटर तो फरक शोधून काढील. नियमावलीत एवढेच एक वाक्य पुरेसे आहे की नियंत्रित दस्तऐवजांना गुणवत्ता पद्धतीचे नियम लागू राहतील.

वाहन उद्योगासाठीच्या आयएटीएफ १६९४९:२०१६ या गुणवत्ता मानकात आणखी एक गोष्ट आहे. ग्राहकाच्या इंजिनिअरिंग मानकात बदल झाल्याची सूचना मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत त्याचा आढावा पूर्ण व्हावा असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ग्राहकाचा ईमेल ज्याच्याकडे येतो त्याच्यापासून लाइनवरच्या कागदापर्यंतची साखळी कोणाच्या हाती आहे हे आपल्याला आधी ठरवावे लागते. पानाचा धनी ठरवण्याची सुरुवात मी येथूनच करीन.

प्रत्यक्ष व्यवस्थेबद्दल माझे मत ठाम आहे. नियंत्रित दस्तऐवजाची फाइल एकाच लायब्ररीत राहावी आणि इतर सर्व ठिकाणी केवळ तिचा दुवा द्यावा. त्या लायब्ररीत मंजुरीची अट चालू ठेवावी, म्हणजे मसुदा लिहिणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्यालाच दिसतो आणि वाचणाऱ्याला नेहमी शेवटची मंजूर आवृत्तीच मिळते. छापलेल्या पानावर छापल्याची तारीख आणि ‘छापील प्रत अनियंत्रित’ हा शेरा आपोआप यावा. ज्या लाइनवर संगणक नाही तेथे क्वालिटी विभागाने शिक्का मारून दिलेली प्रत लावावी आणि नवी देताना जुनी हातात परत घ्यावी. जुनी परत घेतल्याशिवाय नवी देऊ नये, हा नियम पाळणे कंटाळवाणे आहे, परंतु आपल्या ऑपरेटरला त्यानेच वाचवले असते.

कुंडलिका (जालना)

मी जालन्यात एका री-रोलिंग मिलचे प्रशासन पाहतो. आमच्याकडे माणसे कमी आणि टाइम ऑफिसमध्ये संगणक दोनच, त्यामुळे शेअरपॉइंट वगैरे आमच्या आवाक्यातले नाही. तरीही लिहितो, कारण मोठ्या कंपन्यांच्या नियमावल्या वाचून मी एकदा चूक केली आहे. मी पाच जणांची समिती नेमली. कोणतेही परिपत्रक समितीने पाहिल्याशिवाय सामायिक फोल्डरमध्ये जाणार नाही, असा नियम केला. पाचपैकी दोघे कायम भट्टीवर अडकलेले असत. महिनाभरात परिपत्रके व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून फिरू लागली आणि फोल्डर ओस पडला. लोकांनी नियम मोडला असे मी म्हणणार नाही. त्यांना त्याच दिवशी कामगारांना सूचना द्यायची होती आणि माझ्या नियमाने ती वाट बंद केली होती.

नंतर मी समिती मोडली. आता प्रत्येक प्रकारच्या कागदाला एक लिहिणारा आणि एक मंजुरी देणारा, असे दोनच जण आहेत आणि मंजुरी देणारा रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण हेही लिहिलेले आहे. फोल्डर सगळ्यांना वाचायला खुला आहे, त्यात लिहिण्याचा अधिकार एकालाच आहे. एका वहीत मास्टर लिस्ट आहे : कागदाचे नाव, आवृत्ती, तारीख, कोणी मंजूर केला. व्हॉट्सॲपवर सूचना जाते, पण तिच्यात मजकूर नसतो. ‘अमुक परिपत्रक फोल्डरमध्ये आले आहे’ एवढेच असते.

शेंद्रा साहेबांशी मी एका बाबतीत सहमत नाही. दुवा द्या, प्रत करू नका, हे बरोबर आहे; परंतु जालन्यासारख्या ठिकाणी इंटरनेटची लाइन तुटली की दुवा उघडत नाही आणि सुपरवायझरला कागद त्याच क्षणी हवा असतो. लोक प्रती करून ठेवतात त्यामागे हाच अनुभव असतो. खामकाठ साहेब, आपल्या वाळूजच्या माणसाने ती प्रत का केली होती, हे आपण त्याला विचारले का?

खामकाठ

कुंडलिका साहेब, विचारले नव्हते. काल विचारले. त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या लायब्ररीचे अधिकार बदलले गेले आणि वाळूजच्या सुपरवायझरना तेथे प्रवेशच मिळेनासा झाला होता. आमच्या विभागाकडे तक्रार आली, उत्तर आठवडाभर गेले नाही, म्हणून त्याने फाइल मागवून घेतली आणि आपल्या लायब्ररीत ठेवली. म्हणजे या साखळीची पहिली कडी माझ्याच विभागात होती. हे चौकशी अहवालात आलेले नाही. मी ते लेखी कळवले आहे.

मांजराकाठ (लातूर)

तक्रारीला उत्तर देण्याची मुदत नियमावलीत असलीच पाहिजे हे यावरून स्पष्ट होते. प्रवेश नाकारला गेला की माणूस प्रत करतो, आणि प्रत झाली की ती कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

मी अनेक शाखा असलेल्या एका संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ची व्यवस्था पाहतो आणि अधिकारांच्या गुंत्यात माझी तीन वर्षे गेली आहेत. आमच्याकडे पगारवाढीचा तक्ता एका फोल्डरमध्ये होता. कोणीतरी घाईने तो फोल्डर बाहेरची माणसे वगळून ‘सर्वांना’ खुला केला, आणि एका शिपायाने स्वतःचे नाव शोधले तेव्हा सगळ्यांचे पगार त्याच्या पडद्यावर आले. शोधयंत्राने काहीही चुकीचे केले नव्हते. ज्याला जे पाहण्याचा अधिकार आहे तेच ते दाखवते, आणि कोपायलटसारखी एआय साधनेही त्याच अधिकारांवर चालतात. पूर्वी असा फोल्डर खोल कुठेतरी दडून राहत असे. आता साधा प्रश्न विचारला तरी तो वर येतो.

यातून मी काही गोष्टी कटाक्षाने पाळतो. अधिकार व्यक्तीला देत नाही, गटाला देतो, आणि गटातील सदस्य एचआरच्या नोंदींवरून बदलतात, म्हणजे बदली झालेला किंवा सोडून गेलेला माणूस आपोआप बाहेर पडतो. साइटच्या मुख्य अधिकारांपासून एखादा फोल्डर तोडून त्याला वेगळे अधिकार द्यायचे असतील तर त्याची लेखी नोंद लागते. बहुतेक वेळा वेगळी साइट करणेच सोपे पडते. प्रत्येक साइटला किमान दोन मालक असतात. आणि विशिष्ट गटालाच बातमी किंवा दुवा दिसावा अशी जी सोय शेअरपॉइंटमध्ये आहे, तिला कुलूप समजू नये. त्या सोयीमुळे ती वस्तू पानावर दिसत नाही एवढेच. अधिकार असलेला माणूस शोधातून तिच्यापर्यंत पोहोचतोच. हा गैरसमज मी अनुभवी लोकांतही पाहिला आहे.

ज्यांचे इंट्रानेट अजून स्वतःच्या सर्व्हरवर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांच्या पाठबळासाठी मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०२६ ही मुदत ठरवलेली आहे. जुलै २०२५ मध्ये जगभर जे हल्ले झाले ते अशाच, संस्थांनी स्वतः चालवलेल्या शेअरपॉइंट सर्व्हरवर झाले; मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेला त्या त्रुटीचा धोका नव्हता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात. रात्री दोन वाजता घटना लक्षात आली तर कोणी कळवायचे, हे नियमावलीत पदासह लिहा.

गोदाकाठ (पैठण)

मी एका औषधनिर्मिती कारखान्यात एचआर विभागात आहे. वरील चर्चा मोलाची आहे, परंतु ती वाचताना सारखे वाटत राहिले की इंट्रानेट वापरणारा माणूस टेबलासमोर बसलेला, इंग्रजी वाचणारा आणि कंपनीचा ईमेल असलेला आहे असे आपण सगळेच गृहीत धरतो. आमच्याकडील बहुसंख्य कामगारांना ईमेल नाही. कॅन्टीनजवळ एक किऑस्क (सर्वांनी वापरायचा संगणक) आहे आणि जेवणाच्या सुट्टीत तेथे रांग लागते.

भाषेचा प्रश्न सौजन्याचा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १०८ मध्ये सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ सहज दिसेल अशा ठिकाणी लावण्याची अट होती. स्थायी आदेशांच्या (कामगारांच्या सेवाशर्तींच्या) १९४६ च्या कायद्यातही तीच भूमिका होती. फलकावर मराठी लावणारी कंपनी इंट्रानेटवर मात्र तीच सूचना केवळ इंग्रजीत ठेवते, हे मला पटत नाही. आम्ही असा नियम केला की कामगारांच्या हक्काशी किंवा सुरक्षिततेशी संबंधित पानाची मराठी आणि इंग्रजी आवृत्ती एकाच वेळी प्रसिद्ध होईल, दोन्हींचा मालक एकच असेल, आणि इंग्रजीत दुरुस्ती झाली की मराठीची मंजुरीही आपोआप रद्द होईल. भाषांतर मागून येईल असे म्हटले की ते येत नाही.

शोधाबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. आमच्या पानाचे शीर्षक होते ‘वेतन अग्रिम धोरण’. कामगार शोधत होते ‘उचल’. निकाल शून्य येई आणि ते आमच्या खिडकीशी येऊन उभे राहत. निकाल न मिळालेल्या शोधांची यादी मी काढून घेतली तेव्हा ‘सुट्टी’, ‘पगार पावती’, ‘बदली दिवस’ असे साधे शब्द दिसले आणि आमची पाने ‘रजा’, ‘वेतनपत्रक’, ‘भरपाई सुट्टी’ अशा भाषेत होती. आता प्रत्येक पानाच्या खाली लोकांचे शब्दही लिहितो. शिवाय जुनी परिपत्रके युनिकोड (अक्षरांची जागतिक संकेतांक पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. ती डोळ्यांना मराठी दिसतात, पण आत वेगळेच संकेतांक असल्याने शोधात कधीच सापडत नाहीत. ‘ॲ’ या अक्षराचीही अडचण आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली ५.१ या आवृत्तीत मिळाले. आजही अनेकजण ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहितात, आणि मग ‘ॲडव्हान्स’ दोन प्रकारे साठवला जातो. आपल्याकडे मराठी मजकूर चढवणाऱ्यांनी एकच पद्धत पाळावी हे नियमावलीत लिहायला लाजू नका.

एक प्रसंग सांगते. पूर्वीच्या एका कंपनीत अंतर्गत समितीचे पान होते, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीचे. एका मुलीने त्यावरच्या क्रमांकावर फोन केला, तर ती सदस्या वर्षभरापूर्वीच नोकरी सोडून गेलेली होती. त्या मुलीने पुन्हा फोन करण्याचे धैर्य जमवायला दोन महिने घेतले. २०१३ च्या कायद्याप्रमाणे समितीच्या स्थापनेचा आदेश ठळक जागी लावावा लागतो आणि सदस्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे या पानाच्या तपासणीची शेवटची तारीख कायद्यानेच ठरवून दिली आहे. मी हे पान दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतः फोन लावून तपासते.

आणखी एक : वाढदिवसांची, रक्तगटांची, मोबाइल क्रमांकांची यादी सर्वांसाठी खुली ठेवण्याची आपल्याकडे फार हौस आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नोकरीच्या कामासाठी माहिती वापरण्यास वाव दिला आहे, पण सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्याच कायद्यात आहे. किऑस्कवर कामगार उठून गेल्यावर त्याचे पगारपत्रक पुढच्या माणसाला दिसत असेल, तर कृपया आधी ते दुरुस्त करा.

खामकाठ

गोदाकाठ ताई, आपल्या सूचनेप्रमाणे आमच्या शोधांची यादी मी काढली. पहिल्या पन्नास शब्दांत ‘बसचे वेळापत्रक’ आठ वेगवेगळ्या लेखनांत आहे आणि एकाही लेखनाला निकाल नाही. आता माझा शेवटचा प्रश्न : तपासणीची तारीख उलटली आणि विभागाने पान पाहिलेच नाही, तर आपोआप उतरवावे का?

मांजराकाठ

होय. आधी ३० दिवस स्मरणपत्र, नंतर विभागप्रमुखाला एक पत्र, त्यानंतर पान संग्रहात. याशिवाय लोक हलत नाहीत. पुसून मात्र टाकू नये. ऑनलाइन शेअरपॉइंटच्या रिसायकल बिनमध्ये वस्तू ९३ दिवस राहते आणि पुढे ती परत मिळत नाही.

शेंद्रा_क्वालिटी

बातम्या, छायाचित्रे, कॅन्टीनचा मेनू यांसाठी मान्य. नियंत्रित दस्तऐवजासाठी मी याला कडाडून विरोध करीन. रात्रपाळीत वर्क इन्स्ट्रक्शन अचानक नाहीशी झाली तर लाइन थांबेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे ऑपरेटर आठवणीवर काम करील. तेथे कागद जागेवरच राहावा, तपासणी थकली आहे हे त्यावर ठळक दिसावे आणि थकबाकीची यादी प्लांट हेडच्या मासिक बैठकीत यावी. रेकॉर्डचा नियमही वेगळा आहे : पार्ट मंजुरीच्या, टूलिंगच्या नोंदी तो पार्ट उत्पादनात आणि सेवेत असेपर्यंत आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष ठेवाव्या लागतात. त्या कोणत्याही स्वयंचलित सफाईत सापडू देऊ नका.

मांजराकाठ

माझ्याकडे उत्पादन नाही, त्यामुळे ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. शेंद्रा सरांचे म्हणणे योग्य आहे, माझी सूचना बातम्या आणि माहितीच्या पानांपुरतीच घ्यावी.

खामकाठ

आपणा सर्वांच्या मदतीने मसुदा तयार झाला असून तो दोन पानांचा आहे. मालकी पदाकडे राहील आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ते पद, त्या पदावरील सध्याच्या व्यक्तीचा अंतर्गत फोन क्रमांक आणि पुढील तपासणीची तारीख दिसेल. ज्या पानाला हे तिन्ही नसतील ते प्रसिद्धच होऊ शकणार नाही. नियंत्रित दस्तऐवज एकाच लायब्ररीत राहतील आणि तिची चावी क्वालिटीकडे असेल, आमच्या विभागाकडे नाही. यावर आमच्याच साहेबांशी माझा बराच वाद झाला, पण कागद बरोबर आहे की नाही हे आम्हाला कळत नाही, तर तो ठेवण्या-काढण्याचा निर्णय आम्ही घेऊ नये, हे अखेर त्यांनी मान्य केले. प्रवेश मिळत नसल्याच्या तक्रारीला आम्ही त्याच शिफ्टमध्ये उत्तर देऊ. जालन्याला लाइन तुटल्यास उपयोगी पडावी म्हणून दर पहाटे मंजूर लायब्ररीची वाचनापुरती प्रत तेथील संगणकावर आपोआप उतरेल आणि तिच्यावर उतरवल्याची वेळ असेल. कुंडलिका साहेबांचा मुद्दा नसता तर हे सुचले नसते. मराठीविषयीचे कलम ताईंनी लिहिले तसेच घेतले आहे.

ज्या ऑपरेटरकडे खुलासा मागितला होता त्याला पत्र देऊन तो मागे घेण्यात आला. परवा दुसऱ्या शिफ्टला मी त्याच्या लाइनवर गेलो आणि त्याला किऑस्कवर त्या कामाची इन्स्ट्रक्शन शोधायला सांगितले. त्याने ‘टॉर्क’ असे मराठीत लिहिले आणि काहीच आले नाही, कारण ती फाइल फक्त इंग्रजी नावाने होती. ती दुरुस्ती काल झाली. आता उरलेल्या तीनशे बारा इन्स्ट्रक्शनची मराठी नावे घालण्याचे काम आहे. ती नावे लाइनवरच्या लोकांकडून घेण्यासाठी सोमवारपासून रोज एक तास मी आणि क्वालिटीचा एक सहकारी शॉप फ्लोअरवर बसणार आहोत.